आयसीयूच्या दारातल्या लेकीला काय सांगून ठेवलंय?

वसईत माणूस गेला की तासाभरात सगळं ठरतं. चर्चची घंटा वाजते, व्हॉट्सॲपवर फोटो फिरतो, पेटीवाल्याला फोन जातो, कोयरची मुलं जमतात, शेजारच्या घरातून चहाचं पातेलं येतं. कबर कुठल्या रांगेत, मिस्सा किती वाजता, दोन शब्द कोण बोलणार, मुंबईहून येणाऱ्यांना स्टेशनवरून कोण आणणार, हे कुणाला सांगावं लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचा हात बसलेला आहे.

आणि त्याआधीचे पंधरा दिवस?

त्या पंधरा दिवसांत ठरवणारं कुणीच नसतं. वडील आयसीयूत, नाकातोंडात नळ्या. बाहेर लेक बसलेली. भाऊ टोरांटोला नाहीतर मेलबर्नला, फोनच्या पडद्यावर. डॉक्टर बाहेर येतात आणि विचारतात, श्वास कमी पडतोय, व्हेंटिलेटरवर घ्यायचं का, लवकर सांगा. तिकडून भाऊ म्हणतो, जे जे करता येईल ते सगळं करा. लेक सही करते. नाही म्हटलं तर बापाला मारलं असं होईल, हो म्हटलं तर त्याचे हाल आपल्या सहीने होतील. ती सही पुढे कित्येक वर्षं तिला रात्री जागं करते.

वडिलांना स्वतःला काय हवं होतं? ठाऊक नाही. कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. आणि हा जन्मभर एकही रविवार न चुकवलेला माणूस.

राखेच्या बुधवारी आपल्या चर्चमध्ये उभं राहायला जागा नसते. कामावर जाणारी माणसं पहाटेच्या मिस्साला कपाळावर राख लावून घेतात आणि तशीच चर्चगेट लोकलमध्ये चढतात. मागच्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली ती राख. माणूस मातीतून आला आणि मातीत जाणार, याची आठवण इतक्या उघडपणे, इतक्या जणांना, एकाच दिवशी देणारा दुसरा दिवस आपल्या वर्षात नाही. मग पुढचे चाळीस दिवस आपण काय करतो? मटण सोडतो, दारू सोडतो, लग्नं थांबवतो. दर शुक्रवारी क्रुसाच्या वाटेवर चौदा ठिकाणी थांबून एका माणसाच्या मरणाचं चिंतन करतो. स्वतःच्या मरणाबद्दल मात्र जेवणाच्या टेबलावर कुणी तोंड उघडलं, तर बायको म्हणते, "अशुभ बोलू नका." कपाळावरची राख पुसायच्या आत!

म्हणून या उपवासकाळात आमच्या भागातल्या एका धर्मग्रामाने शुक्रवारच्या क्रुसाच्या वाटेनंतर हॉलमध्ये हाच विषय घेतला, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. फादर होते, एक वकील होते, आणि अतिदक्षता विभागात उमेदीची वर्षं घालवलेल्या एक निवृत्त नर्सबाई होत्या. खुर्च्या भरल्या होत्या. पण पहिला प्रश्न विचारायला कुणी उठेना. शेवटी मागच्या रांगेतले एक आजोबा उभे राहिले. "फादर, मशीन नको म्हटलं तर ते पाप का?"

त्या संध्याकाळचा खरा प्रश्न तो एकच. बाकीचे सगळे त्याच्याच पोटातले. आणि त्याचं उत्तर ‘बघावं लागेल’ असं नाही. उत्तर आहे: नाही, पाप नाही.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. १९५७ साली, २४ नोव्हेंबरला, पोप बारावे पायस यांनी हे सांगितलं. श्वसनयंत्रं तेव्हा नुकतीच आली होती, आणि यंत्र कधी लावायचं, कधी काढायचं हे भूलतज्ज्ञच विचारत होते. पोपनी उत्तर दिलं: जीव राखण्यासाठी नेहमीचे उपाय करणं माणसाचं कर्तव्य आहे, स्वतःवर किंवा दुसऱ्यावर फार मोठा भार टाकणाऱ्या असाधारण उपायांची सक्ती नाही. १९८० मध्ये व्हॅटिकनने दयामरणाविरुद्ध घोषणापत्र काढलं, त्यातही हे पुन्हा मांडलं. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात तर त्यासाठी स्वतंत्र परिच्छेद आहे, क्रमांक २२७८. उपचार जाचक, धोक्याचे, असाधारण किंवा होणाऱ्या फायद्याच्या मानाने अवाजवी असतील, तर ते थांबवणं योग्य ठरू शकतं. त्यात मरण घडवण्याचा हेतू नसतो, त्याला थोपवणं आता शक्य नाही एवढंच मान्य केलेलं असतं. निर्णय रुग्णाचा. तो बोलू शकत नसेल तर त्याच्या वतीने बोलण्याचा कायदेशीर हक्क ज्याला आहे त्याचा, आणि त्यानेही रुग्णाची रास्त इच्छा पाळायची.

सुई टोचून जीव घेणं वेगळं. ते चर्चला मान्य नाही, भारताच्या कायद्यालाही नाही. सगळा घोटाळा होतो तो या दोन गोष्टी एकाच पिशवीत टाकल्यामुळे.

१९५७ पासून आजपर्यंत किती धर्मगुरू या वेद्यांवर उभे राहून गेले? तरीही ही शिकवण मागच्या रांगेतल्या आजोबांपर्यंत पोचली नाही. याचा जाब धर्मगुरूंनीच द्यायला हवा. प्रवचनात आपण गर्भपाताबद्दल ऐकतो, दारूबद्दल ऐकतो, लग्नातल्या उधळपट्टीबद्दल तर दर वर्षी ऐकतो. व्हेंटिलेटरबद्दल मी वेदीवरून एक शब्द ऐकलेला नाही. लोक देवाला घाबरून फॉर्मवर सह्या करतात आणि त्या भीतीला चर्चच्या शिकवणीत आधारच नाही, हे लोकांना कोण सांगणार? डॉक्टर नाही सांगणार. ते काम फादरचं आहे.

दुसऱ्या रांगेतल्या एक मावशी म्हणाल्या, "येशूने एवढं सोसलं. आपण थोडं सोसलं तर काय बिघडलं?" उपवासकाळात हे वाक्य हटकून येतं. कर्करोगाने तळमळणाऱ्या माणसाच्या उशाशी बसून रोझरी म्हणणारे हेच म्हणतात, आणि मग घरचे मॉर्फिनला नको म्हणतात. नर्सबाई ताडकन उठल्या. "मावशी, तुमचं तुम्ही सोसा. दुसऱ्याच्या वतीने सोसायचं ठरवू नका."

हॉल गप्प झाला. गप्प व्हायलाच हवा होता. बाराव्या पायस यांनी १९५७ सालीच, फेब्रुवारीत, वेदनाशमनाचा प्रश्नही निकालात काढला होता: दुसरा उपाय नसेल, तर ग्लानी आली, आयुष्य थोडं कमी झालं, तरीही वेदना शमवणारं औषध देता येतं. १९८० च्या घोषणापत्रात तर मावशींच्या वाक्याला थेट उत्तर आहे. ख्रिस्ताच्या दुःखात सहभागी व्हावं म्हणून कुणी आपणहून औषध कमी घेतलं तर त्याचा मान राखावा. पण असलं धैर्य सगळ्यांवर नियम म्हणून लादणं शहाणपणाचं नाही. आपल्या देशात मॉर्फिन मिळणं फार अवघड होतं. २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली ती ही अडचण कमी व्हावी म्हणूनच. संसदेने वाट मोकळी करायची आणि आपण भक्तीच्या नावाखाली ती अडवायची, हे क्रूर आहे. याला दुसरा शब्द मला सुचत नाही.

ज्यांना परिच्छेदांचे क्रमांक नकोत, त्यांनी दोन पोपांचे शेवटचे महिने बघावेत. दोघांचाही शेवटचा उपवासकाळ दुखण्यातच गेला.

दुसरे जॉन पॉल. २००५ चा फेब्रुवारी, श्वास घेता येईना म्हणून गळ्याला छेद देऊन नळी बसवली. ३० मार्चला नाकातून अन्नाची नळी घातल्याचं व्हॅटिकनने जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी जंतुसंसर्ग, ताप, रक्तदाब कोसळला. जेमेली रुग्णालय रोममध्येच, पोपसाठी तिथे खोल्या राखलेल्या. तरी तिकडे न नेता घरीच ठेवायचं ठरलं. २ एप्रिलच्या रात्री ते आपल्या खोलीत गेले. त्या चार दिवसांकडे नीट बघा. अन्नाची नळी घेतली. नळीतून दिलं तरी अन्नपाणी ही मूलभूत शुश्रूषा आहे, असं त्यांनीच वर्षभरापूर्वी सांगितलं होतं. आणि अतिदक्षता विभाग घेतला नाही. एका उपायाला हो, दुसऱ्याला पुरे. हा विवेक. सगळं करा किंवा काहीच करू नका, एवढेच दोन पर्याय असतात असं आपल्याला कुणी शिकवलं?

पोप फ्रान्सिस यांची गोष्ट तर आणखी जवळची, आपण सगळ्यांनी ती टीव्हीवर पाहिली. १४ फेब्रुवारी २०२५ ला जेमेलीत दाखल, पुढे दोन्ही फुप्फुसांना न्यूमोनिया. २८ फेब्रुवारीला प्रकृती इतकी ढासळली की थांबायचं आणि जाऊ द्यायचं, की इतर अवयवांना इजा होण्याचा धोका पत्करून सगळी औषधं वापरायची, असा प्रश्न डॉक्टरांपुढे उभा राहिला. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या पथकाचे प्रमुख डॉ. सर्जिओ अल्फिएरी यांनी नंतर एका वृत्तपत्राला हे सविस्तर सांगितलं. निर्णय कुणी दिला? मासिमिलियानो स्ट्रापेत्ती यांनी. ते पोपचे परिचारक. आपल्या तब्येतीचे निर्णय पोपनी त्यांच्यावर सोपवले होते. ते म्हणाले, सगळे प्रयत्न करा, हार मानू नका. पोप वाचले, २३ मार्चला घरी आले, ईस्टरच्या रविवारी सज्जात येऊन लोकांना भेटले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

या गोष्टीतली एक बाब मला हॉलमधल्या प्रत्येकाला हलवून सांगाविशी वाटली. सोपवलेला माणूस ‘थांबा’ म्हणाला नाही. तो ‘चालू ठेवा’ म्हणाला. म्हणजे आधी सांगून, माणूस नेमून ठेवण्याचा हा खटाटोप उपचार बंद करण्यासाठी नाही. ज्याला माझं मन माहीत आहे अशा एकाने माझ्या वतीने बोलावं, यासाठी आहे. ज्याला बायको नाही, मुलं नाहीत, अशा माणसाने आपल्या वतीने बोलणारा एक माणूस नेमून ठेवला होता. आपल्याला पाच-पाच मुलं, आणि पाचांपैकी कुणालाच काही माहीत नाही.

त्याच पोपनी २९ जून २०२२ ला मृत्युपत्र लिहून ठेवलं होतं. संत मेरी मेजर बॅसिलिकात, जमिनीत, साधी कबर, कोरीव नाव फक्त ‘फ्रान्सिस्कुस’. तसंच झालं. आपल्या मराठी ख्रिस्ती माणसांतही हे नवं नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली मुंबईत वारले; आपल्या देहाचं दहन व्हावं ही त्यांची इच्छा होती आणि ती पाळली गेली. त्यांनी शंभर वर्षांपूर्वी हे ठरवून ठेवलं होतं.

आता कायदा. वकिलांनी तो वीस मिनिटं सांगितला, मी थोडक्यात सांगतो.

९ मार्च २०१८ ला, उपवासकाळातल्याच एका शुक्रवारी, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि त्यासाठी आधीच लिहून ठेवलेल्या इच्छापत्राला मान्यता दिली. त्यामागे आपल्या मुंबईची एक बाई आहे. अरुणा शानबाग, केईएमची नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिच्यावर रुग्णालयातच हल्ला झाला आणि १८ मे २०१५ पर्यंत ती तिथेच एका खाटेवर होती. केईएमच्या नर्सेसनी तिला जवळजवळ बेचाळीस वर्षं भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. २०११ मध्ये तिच्यासाठी केलेली याचिका न्यायालयाने फेटाळली, पण त्याच निकालाने जीवरक्षक उपचार थांबवण्याचा दरवाजा पहिल्यांदा किलकिला केला. अरुणाला काय हवं होतं हे कुणालाच विचारता आलं नाही. पंचविशीत कोण असलं काही बोलून ठेवतं? तिच्या नर्सेसनी दिलेली सेवा मला अतिशय मोठी वाटते आणि तरीही तो न विचारलेला प्रश्न तसाच उरतो.

२०१८ ची पद्धत इतकी किचकट होती की ती कागदावरच राहिली. इच्छापत्रावर न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागायची. २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयाने ती सोपी केली. आता अठरा वर्षांवरच्या, भानावर असलेल्या कुणालाही हे लिहिता येतं. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. आपण बोलू शकलो नाही तर कोण बोलेल त्यांची नावं त्यात लिहायची, एकापेक्षा जास्त लिहिली तरी चालतात. एक प्रत त्यांना, एक घरच्या डॉक्टरांना, एक स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. केव्हाही बदला, केव्हाही रद्द करा. आपण शुद्धीवर असेपर्यंत त्या कागदाचा काही संबंधच नाही, तोवर आपलंच तोंड चालतं. तो लागू होतो तो आजार बरा होण्यापलीकडे गेल्यावर आणि आपण बोलू शकत नसल्यावर. तेव्हाही रुग्णालयाचं एक वैद्यकीय मंडळ आधी तपासतं, मग दुसरं मंडळ तपासतं, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असतो. अंमलबजावणीआधी न्यायदंडाधिकाऱ्याला कळवावं लागतं.

ही प्रत ठेवायला अधिकारी नेमावेत म्हणून मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांना उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली. मग महाराष्ट्रात नेमणुका झाल्या. गोव्यात ३१ मे २०२४ ला उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी जाहीर कार्यक्रमात स्वतःचं इच्छापत्र केलं, राज्यातलं पहिलं. पदावरचा न्यायाधीश सगळ्यांसमोर बसून स्वतःच्या मरणाच्या कागदावर सही करतो. आपल्याकडे एखाद्या प्रमुख धर्मगुरूने या उपवासकाळात रविवारच्या मिस्सानंतर तेच केलं, तर दहा प्रवचनांचं काम होईल.

हॉलमध्ये राग निघाला तो इथे. एक गृहस्थ उभे राहून म्हणाले, "उद्या पोरं वाडीसाठी बापाला संपवतील आणि हाच कागद दाखवतील." काहींनी माना हलवल्या. ही भीती खोटी नाही. वसईत जमिनीच्या भावाने भावाभावांत काय काय करून ठेवलंय ते आपण पाहिलंय. पण नीट बघा, कागद नसताना काय होतं? कागद नसला तरी घरच्यांच्या संमतीने, त्याच दोन मंडळांच्या मान्यतेने उपचार थांबवता येतात. म्हणजे तुम्ही लिहिलं नाहीत तर निर्णय टळत नाही. तो त्याच पोरांकडे जातो, आणि तुमचा शब्द तेवढा त्यात नसतो. ज्याला पोरांचा भरवसा नाही, त्याने तर आधी लिहावं. आणि नाव पोराचंच लिहिलं पाहिजे असंही नाही. भाची लिहा, शेजारी लिहा, विश्वासातला मित्र लिहा.

आणखी एक भीती होती. ती कुणी मोठ्याने बोललं नाही. चहाच्या वेळी एक आजी माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "मी लिहून देते. पोरांना माझा त्रास नको." हे ऐकून मला हॉलमधल्या सगळ्या चर्चेपेक्षा जास्त वाईट वाटलं. कारण या वाक्यावर सही होणार असेल तर तो कागद फाडून टाकायला हवा. मशीनचा फायदा नाही म्हणून नको, हे एक. मी कुणाला नकोशी झाले म्हणून नको, हे दुसरं. कागदावरचे शब्द दोन्हीकडे सारखेच दिसतील. चर्च दयामरणाला इतका कडक विरोध करतं तो याच आजींसाठी, आणि त्या विरोधाच्या बाजूने मी पूर्ण उभा आहे. पण तो विरोध मग निभावायलाही हवा ना? आजींना रात्री उठवायला, डायपर बदलायला, पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कुशीवर वळवायला कोण आहे? सून नोकरीला, मुलगा परदेशी, आणि धर्मग्रामाकडे आहे फक्त महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी येणारा ख्रिस्तप्रसाद.

त्या पहिल्या शुक्रवारवर मला थांबायचंय. आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद घेऊन जाणारे आपले प्रापंचिक सेवक कुठल्या घरात कोण अंथरुणाला खिळलंय ते महापालिकेपेक्षा चांगलं जाणतात. कुणाच्या पाठीला जखमा झाल्यात, कुणाला वेदनांनी झोप नाही, कुणाची लेक एकटीच सगळं करून पार थकलीय, हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर असतं. ते प्रार्थना म्हणतात आणि पुढच्या घरी जातात, कारण त्यांच्याकडून आपण तेवढंच मागितलंय. त्यांना चार दिवस नर्सिंगचं शिक्षण द्या. धर्मग्रामात निवृत्त नर्स किती आहेत ते मोजा. वसईच्या मुलींनी मुंबईच्या रुग्णालयांत आणि आखातात नर्स म्हणून उभा जन्म काढलाय, त्या आता घरी बसून कंटाळल्यात. दर आठवड्याला दोघींनी एका घरात तीन तास बसायचं, म्हणजे लेकीला आंघोळ करून झोपता येईल. यासाठी बिशप महोदयांचं पत्रक लागत नाही.

वांद्र्याला माउंट मेरीजवळ शांती अवेदना सदन आहे, १९८६ पासून. देशातलं पहिलं हॉस्पिस. बरे न होणारे कर्करुग्ण तिथे येतात, सिस्टर त्यांची काळजी घेतात, पैसे घेत नाहीत, जातधर्म विचारत नाहीत. वेदना शमवायची, स्वच्छ ठेवायचं, सोबत बसायचं. लंडनला १९६७ मध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस काढून आधुनिक हॉस्पिसची वाट दाखवली, त्यांची प्रेरणाही ख्रिस्ती श्रद्धेचीच. म्हणजे हे काम आपलंच. वसईत आपण सभागृहं बांधली, चर्चचे मनोरे उंच केले, सणाला लायटिंग केली. वीस खाटांचं हॉस्पिस बांधायला यातलं काय आड येतं?

अन्नाच्या नळीवर बराच वाद झाला आणि तो संपला नाही. वैद्यकीय नियमांत नळीतून दिलेलं अन्न हा उपचार धरतात, इच्छापत्रात ते नको असं लिहिता येतं. चर्च अन्नपाणी ही मूळ शुश्रूषा मानतं, शरीर ते घेऊ शकतं आणि त्याचा उपयोग होतो तोवर. शेवटच्या दिवसांत शरीरच ते घेईनासं झालं की सक्ती नाही. २०२४ मध्ये व्हॅटिकनच्या जीवनविषयक अकादमीने काढलेल्या छोट्या कोशात इथे प्रत्येक रुग्णाचा वेगळा विचार करायला जागा ठेवलीय. माझं मत: इच्छापत्रात या एका ओळीवर छापील नमुना वापरू नका. आपल्या फादरबरोबर आणि डॉक्टरबरोबर, दोघांना एकत्र बसवून, ती ओळ लिहा.

उरलेल्या शुक्रवारांत काय करता येईल? फादरनी एक प्रवचन आजोबांच्या प्रश्नावर द्यावं, पहिल्या वाक्यात उत्तर देऊन. रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर हॉलमध्ये नोटरीला बसवावं. दुसऱ्या धर्मग्रामाचे दोन साक्षीदार आणावेत, म्हणजे घरच्यांचं दडपण नको. पॅरिश कौन्सिलने महापालिकेला पत्र देऊन इच्छापत्राची प्रत कुठे आणि कुणाकडे द्यायची ते लेखी विचारावं आणि उत्तर सूचनाफलकावर लावावं. परदेशातल्या मुलांनी ईस्टरला येताना चॉकलेटं आणावीत, जरूर आणावीत, आणि एक संध्याकाळ आईवडिलांसमोर बसून बहिणीच्या देखत विचारावं की तुम्हाला काय हवंय, काय नको, आणि आम्हा भावंडांत तुमच्या वतीने बोलेल कोण. बहिणीचं नाव आलं तर मेलबर्नहून नंतर उलट बोलायचं नाही.

आणि आपली स्वतःची रुग्णालयं. धर्मप्रांतांची आहेत, सिस्टरांच्या संस्थांची आहेत, मुंबईपासून गोव्यापर्यंत आहेत, आणि लोक त्यांच्याकडे विश्वासाने येतात. त्यांच्या दाखल होण्याच्या फॉर्मवर धर्म विचारतात, विमा विचारतात, आगाऊ रक्कम विचारतात. त्याच पानावर आणखी दोन ओळी हव्यात: इच्छापत्र केलं आहे का, तुमच्या वतीने कोण बोलेल. कॅथलिक रुग्णालयाने हे विचारलं तर घाबरलेल्या घरच्यांना आपोआप कळेल की हे विचारणं धर्माविरुद्ध नाही. दोन ओळी वाढवून नवे फॉर्म छापायला किती दिवस लागतात, ते या रुग्णालयांच्या व्यवस्थापनांनी ईस्टरच्या आत सांगावं.